बाईचा उजवा अंगठा

स्वप्नात माझा अंगठा कितीतरी दिवस तुटलाच न्हाई. दुपारी जेवून जरा डोळा लागला की तो हजर. मी भाकरी थापतेय, वेणी घालतेय, बोंडातला कापूस ओढतेय, आणि उजव्या हाताची पाचही बोटं बराबर जागेवर. जाग आली की पदराखाली हात चाचपायचे. हाताला दोनच बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं.

मोठ्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी मी टेंभुर्णीच्या जिनिंगात कामाला होते. कापसातली सरकी काढायच्या यंत्राच्या तोंडाशी बसायचं आणि कापूस आत सारायचा. सगळीकडं इतके तंतू उडायचे की समोरच्या बाईचा चेहरा धुक्यातून दिसल्यासारखा दिसायचा. त्या पांढऱ्या हवेत माझं मन कुठंही भटकायचं. त्या दिवशीबी असंच कुठं तरी गेल्तं, आणि यंत्रानं कापसाबरोबर माझा अंगठा आणि दोन बोटं ओढून घेतली. पुढचं फारसं आठवत न्हाई. लाल झालेला कापूस आठवतो, आणि मनात आलेलं आठवतं, अरेरे, एवढा चांगला माल नासला! असली मी येडी.

तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. आज हे लिहून राह्यले ते डाव्या हातानं, तेही फार उशिरा शिकून. भरपाईचा अर्ज वकिलाच्या कारकुनानं लिहिला आणि अंगठा मागितला. मी डावा दिला. होता तोच देणार ना! काही महिन्यांनी कागद परत आला. कारकुनानं वाचून दाखवला. बाईचा अंगठा उजव्या हाताचा घेतात, पुरुषाचा डाव्या हाताचा. अर्जावर डावा अंगठा आहे, सबब अर्ज बाईनं केलेला दिसत नाही, नामंजूर. मी तिथं खदाखदा हसले आणि घरी येऊन चुलीपुढं रडले. अंगठा गेला म्हणून तर अर्ज, आणि कचेरीला नेमका तोच पाहिजे!

वकिलानं अपील केलं. तेव्हा आमचा जिल्हा औरंगाबाद, तिथली तारीख आली. समक्ष हजर राहावं, न्हाईतर लेखी म्हणणं पाठवावं, असं नोटिशीत होतं. वकील म्हणाले, "बाई, कायद्यानं दोन्ही चालतं. पण कागदानंच काम बिघडलंय. पुन्हा कागदच पाठवला तर माझी हमी न्हाई. आणि ह्यानंतर तारीख न्हाई."

आता खरं सांगते. हजर व्हायचं म्हणजे हात दाखवायचा, आणि पट्टी सुटल्यापासून तो हात मी कोणाला दाखवला नव्हता. वर्षभर पदराखाली. झोपतानासुद्धा. आमच्या ह्यांनीही तो उघडा पाहिला नव्हता. कधी "दाखव" म्हणाले न्हाईत, कधी हात लावला न्हाई. मला वाटायचं, किळस येत असंल. तोंडानं मी अख्ख्या गल्लीला पुरून उरणारी, पण हे विचारायची वेळ आली की माझी दातखीळ बसायची.

हे म्हणाले, "कागदच पाठवू. परक्या माणसांपुढं कशाला जीव कानकोंडा करतीस?"

"आणि कागदानं न्हाई झालं मंग?"

"न्हाई तर न्हाई."

सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "काय गं, हात काय चोरीचा हाये? लपवूनच राह्यलीस ते!"

मला असा राग आला म्हणता! "तुमची धाही बोटं शाबूत हायेत आत्याबाई, तुमचं काय जातंय बोलायला!" म्हणून मी पाण्याची कळशी आदळली. त्या आपल्या पाखडत राहिल्या.

त्या दुपारी लिंबाखाली बाजेवर पडले. वारा संथ होता, पानं हलायची आणि उन्हाचे ठिपके अंगावरून इकडून तिकडं सरकायचे. कधी झोपले कळलं न्हाई. स्वप्नात मी कचेरीत. साहेबाच्या टेबलाचे खण उघडे, आणि प्रत्येक खणात कापसावर नीट मांडलेले बायकांचे अंगठे. साहेब एकेक उचलून माझ्या हाताला लावून बघतोय. हा न्हाई. हाबी न्हाई. शेवटी मीच म्हणाले, साहेब, उगं कशाला शोधता, माझा तुटून गेला. एवढंच. पण जागेपणी ते मी तोंडानं कधी म्हटलंच नव्हतं. उठले तेव्हा डोळे ओले होते आणि जीव हलका.

दिवे लागायच्या आत ह्यांना सांगितलं, "मी जाणार."

"मंग मीबी येतो."

"कशाला? तुमचा रोज बुडंल."

"येतो म्हणलं ना!"

कचेरीतल्या कारकुनानं मान वर न करताच रजिस्टर पुढं केलं, शाईचं पॅड सरकवलं. "बाई, उजवा अंगठा."

मी पदर बाजूला केला आणि हात टेबलावर ठेवला. वर पंखा तेवढा फिरत होता. कारकुनाचं बोट अजून पॅडकडंच दाखवत होतं. मंग माझंच डोकं फिरलं. "घ्या ना! उजवा पाहिजे ना तुम्हाला?" म्हणत अंगठ्याचं उरलेलं थोटूक मी शाईत दाबलं आणि रजिस्टरवर टेकवलं. रेषा न्हाईत, काही न्हाई, नुसता जांभळा डाग. साहेब उठून जवळ आले. बराच वेळ हाताकडं बघितलं. डागाशेजारी स्वतः लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, "समक्ष पाहिले." अपील मंजूर झालं.

बाहेर व्हरांड्यात नळ होता. शाई काही निघंना. मी हात पुन्हा पदराखाली घेणार, तेवढ्यात ह्यांनी तो धरला आणि उपरण्यानं हळूहळू पुसायला लागले.

"दुखतं का?"

"न्हाई."

"मला वाटायचं, दुखत असंल. म्हणून कधी हात लावला न्हाई."

वर्षभर! आणि मी मेली काय काय समजत होते! कचेरीच्या भर व्हरांड्यात मी त्यांना वाट्टेल ते बोलले, रडत रडत. ते खाली मान घालून पुसतच राहिले.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. माणसं बघत होती तरी ह्यांनी हात सोडला न्हाई. जालना यायच्या आधीच माझा डोळा लागला. त्या दिवशी अंगठा स्वप्नात आला न्हाई. स्वप्नातही हाताला दोनच बोटं होती, आणि ती ह्यांनी धरली होती.