आबांचा फ्लॉवरहॉर्न पांढरा पडला त्याची गोष्ट

आधीच सांगून ठेवते — रस्त्यात पडलेली लिंबू-मिरची बिनदिक्कत ओलांडून जाणारी बाई आहे मी. अमावास्येला केस धुते, शनिवारी नखं कापते. असल्या ग्रुपवरचे अनुभव टाइमपास म्हणून वाचायचे आणि मनात म्हणायचं, काय फेकतात लोक! आज माझ्यावरच लिहायची वेळ आलीये. आणि खरं सांगू? मला भीती-बिती काही वाटली नाही. वैताग आला... नुसता वैताग.

आम्ही नेरूळला राहतो. सासरच्यांची गावठाणात स्वतःची बिल्डिंग आहे. वरच्या मजल्यावर आम्ही, पॅसेजच्या पलीकडे शिंदे काकू भाड्याने. घरात मी, नवरा नितीन आणि माझे सासरे, आबा. आबा इथलेच, आगरी. तुर्भ्याला कंपनीत नोकरी करून रिटायर झालेले. मी साताऱ्याची. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मी तावातावाने बोलायला लागले की आबा म्हणतात, "घाटावरची तोफ सुटली."

हॉलमध्ये काचेची टाकी आहे, तीत एकच मासा. फ्लॉवरहॉर्न. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी — पंजाएवढा, लालभडक आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ. लाभतो म्हणून नितीनने आणला. लोकांची समजूत अशी की घरावर काही यायचं असलं तर हा मासा ते स्वतःच्या अंगावर घेतो. असा मासा मेला तर लोक हळहळत नाहीत, उलट "गेलं एकदाचं घरावरचं" म्हणून सुस्कारा सोडतात. आबांचा तर त्याच्यावर जीव. सकाळचा चहा टाकीसमोर बसूनच.

तर झालं असं, आबांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले बायपास करावी लागेल, आणि लांबवू नका. आबांना राजी करताना आमच्या तोंडाला फेस आला, पण शेवटी हो म्हणाले. तारीख ठरली, बॅग भरली. आणि अ‍ॅडमिट व्हायच्या आदल्या सकाळी आबांनी हाक मारली, "वर्षा, इकरं ये. बघ काय झालाय!"

मासा पांढरा. म्हणजे फिकट वगैरे नाही हो, दुधात बुडवून काढल्यासारखा पांढरा. पोहत होता, खात होता, पण लाल रंगाचा ठिपका नाही अंगावर.

मला वाटलं आबा घाबरतील. कसलं काय! चेहरा असा खुलला की विचारू नका. "घेतलान त्यानी अंगावर. माजा दुखना गेला आता. मी काय हास्पिटलात जानार नाय."

मी म्हटलं, आबा, माशाचा रंग उडाला म्हणून तुमच्या नसा मोकळ्या होतात का? तर म्हणे, "तुला नाय कलायचा." नितीनकडे पाहिलं, तर तो मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेला. बापापुढे याची कायम दातखीळ! तारीख पुढे ढकलली. हॉस्पिटलच्या बाईंना मी फोनवर काय कारण सांगणार होते, कपाळ? पेशंटला बरं नाही म्हणून सांगितलं.

मग मी चंगच बांधला. माशाचे रंग का बदलतात ते शोधून काढलं. कारणं ढीगभर आहेत... पाणी खराब झालं, थंड पडलं, उजेड कमी-जास्त झाला, खाणं बदललं, मासा घाबरला, आजारी पडला, म्हातारा झाला. मी एकेक करत गेले. पाणी तपासलं, चांगलं. हीटर चालू. ट्यूब तीच, खाणं तेच. माशाच्या दुकानातला माणूस येऊन बघून गेला, म्हणाला, "मॅडम, मासा एकदम फिट आहे." पांढरा का मग? "होतं कधी कधी." घ्या! हे ऐकायला बोलावलं होतं याला.

इकडे आबा जिना चढताना मध्येच थांबायला लागले. घामाघूम व्हायचे. विचारलं की "गरमी हाय." मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी चिडते, माझं असंच आहे. एकदा तर सरळ बोलले, "आबा, तुम्हाला काही झालं ना, तर त्या माशाचं कालवण करीन मी!" आबा हसले नुसते.

शेवटी एक युक्ती काढली. मासा परत लाल दिसला, तर आबा तरी काय बोलणार? आबा दुपारी झोपलेले असताना दुकानातून तसाच दुसरा आणला, तेवढाच, तसाच लाल. पांढरा उचलला आणि शिंदे काकूंच्या गॅलरीतल्या रिकाम्या टाकीत नेऊन सोडला. पाणीसुद्धा आमच्याच टाकीतलं बादलीने नेलं, उगाच मरायला नको. काकू म्हणाल्या, "अगं, काय हे पोरखेळ!" मी म्हटलं, काकू, दोन दिवस गप्प बसा.

संध्याकाळी आबांनी लाल मासा पाहिला. चेहरा उतरला. जेवलेही नाहीत धड. मला वाईट वाटलं, पण म्हटलं चला, काम झालं.

सकाळी उठून बघते तर नवा मासा पांढरा!

आबा खुर्चीत बसून टाळ्या वाजवतायत. "बघ! परत घेतलान!" माझा तोल सुटला. "हा तुमचा मासाच नाही आबा! मी काल बदललाय. तुमचा शिंदे काकूंकडे आहे. याला तुमचं नाव-गाव तरी माहितीये का? हा कशाला घेईल तुमचं दुखणं?"

आबा उठले, तसेच अनवाणी पॅसेज ओलांडून गेले. मी मागे, नितीन मागे. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "बरं झालं आलात, मी बोलवायलाच येत होते..."

आबांचा मासा लाल झाला होता. पहिल्यासारखा, भडक. डोळ्याखाली जुना ओरखडा होता, त्यावरून ओळखला, तोच.

आबा स्टूल ओढून टाकीसमोर बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यानी माजा दुखना मना परत दिलान." आणि टाकीच्या काचेवर हात ठेवून, "भ्याव वाटतंय गो, वर्षा. माजा बा हास्पिटलात गेला तो परत नाय आला."

इतके दिवस मी नुसती भांडत होते, आणि हा माणूस घाबरलेला होता. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, मी आहे ना, दारातून हलणार नाही. त्याच दुपारी फोन करून तारीख घेतली. ऑपरेशन झालं. आबा आता उठून फिरतात, चहात साखर कमी म्हणून कुरकुरतात. देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांची म्हणा.

पण माशांचं काय? नवा मासा जागा बदलल्याने घाबरून पांढरा पडला म्हणाल, तर मान्य. मग जुन्याचीही जागा बदललीच होती की, तो कसा एका रात्रीत लाल झाला? पाणी तेच, आणि ट्यूब बिघडली म्हणावी तर ती बदलूनही काही फरक नाही. ज्याला विचारावं तो एका माशाचं कारण देतो आणि दुसऱ्याशी येऊन अडकतो. मला अजूनही पत्ता लागलेला नाही.

शिंदे काकू लाल मासा परत द्यायला तयार नाहीत, म्हणे लाभलाय. आमच्याकडचा अजून पांढराच आहे. आबा ठणठणीत, तरी हा पांढरा. परवा चहा पिता पिता आबा बराच वेळ त्याच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले.

"तू पन एकदा दाखवून घे गो डाक्टरला."

"मला काय धाड भरलीये?" मी जाम उखडले.

"भिऊ नको. मी येन तुज्यासंगती."

मी भिते होय? काहीतरीच! सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीये. आबांनी बरोबर यायला आत्तापासूनच धुतलेला शर्ट काढून ठेवलाय.