आर्डिसच्या रायफलची नवी नळी

जखमी हरणीच्या मागावर आर्डिस हेगस्टॅड दोन दिवस फिरली. पहिल्या दिवशी पाइनच्या झाडीत रक्ताचे थेंब दिसत होते, दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दगडांवर एखाददुसरा, आणि मग काहीच नाही. हरणी सापडली नाही. मोंटानाच्या त्या डोंगरांत पस्तीस वर्षं शिकार करून तिने घरचा फ्रीझर भरला होता; जनावर जखमी होऊन निसटलं, असं पहिल्यांदाच झालं.

घरी येऊन तिने शंभर यार्डांवर निशाणाचा कागद लावला आणि पाच गोळ्या झाडल्या. पाच भोकं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरली.

तिचा भाऊ डेल्मर कुंपणाला टेकून बघत होता. "अगं, बंदुकीला कशाला दोष देतेस? अठ्ठावन्न वर्षांची झालीस. हात थरथरत असेल."

"मग तू मार."

डेल्मरने मारल्या. त्याची भोकं तिच्याहूनही जास्त विखुरली. तो खिशात तंबाखू शोधू लागला.

त्या मोसमात आर्डिसने पुन्हा बंदूक उचलली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपलं की ती गॅरेजमध्ये दुसऱ्यांची हरणं कापून, तुकडे करून, कागदात बांधून द्यायची. एका हरणाचे ऐंशी डॉलर. बर्फ वितळेपर्यंत पंधरा हरणं झाली.

एप्रिलमध्ये ती रायफल घेऊन एमेट व्रूमनकडे गेली. एमेट आपल्या शेडमध्ये बंदुका दुरुस्त करायचा. कमी बोलायचा आणि लेथवर बसला की तेवढंही नाही. त्याने नळीत बारीक कॅमेरा घातला आणि पडदा तिच्याकडे वळवला. गोळी जिथून नळीत शिरते, तिथलं पोलाद उन्हात तडकलेल्या चिखलासारखं दिसत होतं.

"जळून गेलीय," एमेट म्हणाला. "तुझी चूक नाही. खूप चालली."

"नवी घालायला किती?"

त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहायला घेतलं. नळी तीनशे ऐंशी. ती बसवायची, आतून कातायची, चारशे. लाकडी दस्त्यात यंत्र पक्कं बसवायचं, एकशे पंचाहत्तर. नवा चाप एकशे ऐंशी. धक्का कमी करणारं टोक दीडशे. वरून गंज न धरणारा रंग, दोनशे वीस.

"पंधराशे पाच," आर्डिस म्हणाली. "माझ्याकडे बाराशे आहेत."

"सातशेत दुकानात नवी रायफल मिळेल. गिऱ्हाईक घालवतोय मी, पण खरं ते सांगतो."

आर्डिसने आपल्या उजव्या डोळ्याकडे बोट केलं. सात वर्षांची असताना गवताचे भारे बांधायची तार सुटून त्यात घुसली होती. तेव्हापासून ती डाव्या खांद्यावरून नेम धरायची. "डावखुऱ्यांची, माझ्या मापाची दाखव दुकानात. हिचा गोळी भरायचा खटका डावीकडे आहे. दस्ता माझ्या हाताच्या लांबीवर कापलाय. डोळे मिटून उचलली तरी गालाला बसते."

एमेटने मान डोलावली आणि पुठ्ठा पुन्हा ओढला. रंगावर काट मारली. "गंज तेलानेही थांबतो." टोकावर काट मारली. "धक्क्याला तू कधी भ्याली नाहीस." चापापाशी तो थांबला, दोनतीनदा ओढून बघितला. "हा चांगला आहे. चाळीसात हलका करून देतो."

"नऊशे पंचाण्णव. मग राहिलेले?"

"काडतुसं. लोक सगळे पैसे बंदुकीत घालतात आणि सरावाला दमडी ठेवत नाहीत. पंचेचाळीसला एक पेटी. चार घे."

"पंचवीस उरतात."

"ते पेट्रोलला ठेव. इथे दोनतीनदा यावं लागेल."

खरं तर सहा वेळा यावं लागलं. नळी बनवणाऱ्याकडे रांग होती; जूनचा ऑगस्ट झाला, ऑगस्टचा ऑक्टोबर. मोसम सुरू झाला तरी रायफल एमेटच्या शेडमध्येच. डेल्मर म्हणाला, "माझी घेऊन जा ना." तिने नेली नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर एमेटने कागद तिच्या हातात ठेवला. त्यावरची तीन भोकं एकमेकांना चिकटलेली, वर नाणं ठेवलं तर झाकली जातील अशी.

"या तीन मी मारल्या. आता तुझ्या तू बघ."

मोसमाचे अकराच दिवस राहिले होते. त्यातले आठ आर्डिसने कागदावर घालवले. शंभरवर, दोनशेवर, बसून, पालथं पडून, वारा असताना.

डेल्मर वैतागला. "डोंगरावर एल्क फिरतायत आणि ही बाई कागदाची शिकार करतेय!"

"कागद जखमी होऊन पळत नाही," ती म्हणाली.

शेवटच्या रविवारी सकाळी दोघांना उतारावर एल्कचा, त्या घोड्याएवढ्या हरणांचा, कळप दिसला. चारशे यार्ड, आडवा वारा.

"मार की!" डेल्मर कुजबुजला. "एवढा खर्च कशासाठी केलास?"

"इथून नाही."

ती बर्फातून सरपटत निघाली. तासाभराने, दोनशे यार्डांच्या आत, एका पडलेल्या ओंडक्यावर तिने रायफल टेकवली. एक मादी चरत कळपापासून बाजूला सरकली, आडवी उभी राहिली. आर्डिसने श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. मादी वीसेक पावलं चालली, गुडघ्यांत वाकली आणि पडली. कळप निघून गेल्यावर आर्डिस उठली, तिच्याजवळ गेली, मानेवर हात ठेवून बसून राहिली. डेल्मर धापा टाकत पोचला. तिचा चेहरा बघून त्याने टोपी काढली.

मांस गाडीपर्यंत न्यायला चार खेपा लागल्या. शेवटच्या खेपेनंतर आर्डिसची बोटं इतकी आखडली होती की थर्मासचं झाकण उघडेना. डेल्मरने ते उघडलं, तिचा कप काठोकाठ भरला आणि उरलेली घोटभर कॉफी स्वतःला ठेवली.