मोहाच्या झाडातलं अर्धं जातं

अन्याय माझ्या आईवर झाला – सखूबाईवर. १९५७ सालच्या चैत्रात, भर सकाळी, धानोऱ्याजवळच्या आमच्या मोहाखाली. जंगल गार्डानं तिची फुलांची टोपली लाथेनं उपडी केली. म्हणाला, "हा मोह तुमचा कशावरून?"

मी भुताखेतांविरुद्ध पत्रकं वाटणारा माणूस. देवरुषांशी भांडलोय. तेव्हा पुढचं लिहिताना माझीच मला चीड येते... पण जे झालं ते झालं.

आमच्याकडे मोह घराण्यागणिक वाटलेले. ज्यानं खालचा पाला जाळून जागा झाडली, फुलं त्याची. कागद कोणाकडेच नाही. म्हणून चौकशीला आलेल्या साहेबाला मी माझी सगळ्यात पहिली आठवण सांगितली – मी फांदीला टांगलेल्या झोळीत पडलोय, आणि बा फुटक्या जात्याचा अर्धा तुकडा खोडाच्या पोकळीत ठोकून बसवतोय. झाडाला खूण म्हणून.

साहेब हसला. "दूध पिता पिता पाहिलं काय रे?"

तरी कुऱ्हाड मागवली. पोकळी कुठेच दिसत नव्हती, साल मिटली होती. मी बोट ठेवलं तिथे घाव घातला... हातभर आत दगड! घरी उंबऱ्याशी पडलेला अर्धा तुकडा आणून लावला. बरोबर बसला.

झाड मिळालंच होतं. तेवढ्यात साहेबानं आईला विचारलं, "जातं कधी फुटलं, बाई?"

"हा पोटात बी नोता सायेब तवा," आई म्हणाली. "झोळीत माहा पयला पोरगा होता. त्याच पावसाळ्यात गेला तो. दुसरा तुकडा याच्या बानं कुठी टाकला, मलेच ठावं नोतं."

गार्ड खिदळला. "काऊन बाई, पोराले साक्ष नीट पढवली नाई काय?"

साहेबानं लिहिलं – साक्ष खोटी, आईनं पढवलेली; दगड मागाहून ठेवला. झाड गेलं.

वाटेत मी आईवर ओरडलो, "गप्प राहता येत नव्हतं?"

"खरं विचारलं, खरं सांगतलं," ती म्हणाली. "तुले ते कसं दिसलं, ते तू सांग."

काय सांगू? बा मी चालायला लागण्याआधीच वारला. त्या वेळी झाडाखाली तो होता आणि झोळीतलं पोर होतं, दोघंही नाहीत. ती आठवण माझी असू शकत नाही, हे मीच सर्वांत आधी म्हणेन. पण ती आहे. आजही आहे. खुलासा माझ्याजवळ नाही.

माझी साक्ष खोटी म्हणा, हरकत नाही. पण आईला खोटारडी म्हणायचं असेल तर आधी धानोऱ्याला या, दगडावर चढलेली ती साल हातानं चाचपा – आणि मग तिच्यासमोर उभं राहून म्हणा.