बियासीच्या दिवशी

आमच्या धाकट्या दिरांना सरकारी पैशाची फार चीड. म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या. स्वतः ते नवा रायपुरातल्या कचेरीत, सरकारी गाडीतून जाणारे, सरकारी क्वार्टरमध्ये राहणारे. पण सणासुदीला आमच्या जुन्या रायपुरातल्या, बूढापाऱ्याच्या घरी जेवायला बसले की पहिल्या घासालाच सुरू व्हायचे. सरकार हमीभावाने धान घेतं म्हणून लोक लाडावलेत, शेती आता बंदच झाली पाहिजे, वगैरे. आणि वर भात वाढून घ्यायचे.

यामागे कारण होतं. सासऱ्यांनी नवा रायपूर या नव्या राजधानीच्या अलीकडे घेतलेलं शेत दोघा भावांच्या नावावर होतं. आजूबाजूला प्लॉट पडू लागले तसं दिरांना ते विकायचं होतं. मला नव्हतं. मी भंडाऱ्याकडची, धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, वाढलेली. पडीक पडलेलं ते शेत मीच उठवलं होतं. माझं म्हणणं सरळ होतं: पेरायच्या आधी भाव ठाऊक आहे, सहकारी सोसायटीत गाडी नेली की सरकार धान घेतं, मग जमीन मोडायची कशाला?

"वहिनी, सरकारच्या भरवशावर काय शेती करून राहिल्या तुम्ही?" दीर एकदा म्हणाले.

"अन् भाऊजी, तुम्ही नोकरी कोणाच्या भरवशावर करून राहिले?"

सासूबाईंना ठसका लागला. माझे यजमान नेहमीप्रमाणे ताटात बघत होते. खरं सांगायचं तर माझा अर्धा राग त्या ताटात बघण्यावरच होता. विकायला दोघा भावांच्या सह्या लागणार, आणि यांच्या तोंडून हो नाही की नाही नाही. शेवटी ठरलं की या हंगामात पीक बरं आलं तर शेत राहील, नाही तर जाईल. यांनी मान हलवली, ती कोणाच्या बाजूने ते काही कळलं नाही.

त्या वर्षी आम्ही इथल्या रीतीने बी फेकून पेरलं. धान वीतभर वाढलं, बांधीत पाणी साचलं आणि बियासीची वेळ आली. बियासी म्हणजे उभ्या हिरव्या धानातून नांगर चालवायचा. आमच्या भंडाऱ्याकडे रोवणी, म्हणजे वेगळी वाढवलेली रोपं आणून लावायची, त्यामुळे पहिल्या वर्षी मीसुद्धा नांगरणाऱ्याच्या अंगावर ओरडत धावले होते. पण त्याने दाट रोपं विरळ होतात, तण गाडलं जातं, आणि उखडलेली रोपं बायका उचलून रिकाम्या जागी खोचतात. थोड्याच दिवसांत बांधी पुन्हा भरते.

नेमके त्याच दिवशी दीर गिऱ्हाईक घेऊन शेतावर आले. बांधावरून पाहतात तो बैल धान तुडवताहेत, रोपं चिखलात आडवी, पाणी गढूळ. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आनंद लपवलाही नाही.

"झालं ना शेवटी? सारं पीक नांगरून टाकलं! आता विकल्याशिवाय काय रस्ता आहे, वहिनी?"

गिऱ्हाईक जवळच्याच गावचं. ते हसू दाबत म्हणालं, "बियासी होवत हे, साहेब."

मला खरं तर हसू यायला हवं होतं, पण आला संताप. रायपुरात जन्मलेला, दोन्ही वेळेला भात खाणारा माणूस. तो भात कसा उगवतो ते कधी पाहिलं नाही, आणि त्याचा भाव सरकारने द्यावा की नाही हे मात्र हाच ठरवणार.

दीरही हटेनात. "बियासी असो नाही तर काही असो. आज सरकार घेते, उद्या नाही घेतलं तर?"

"तर भांडू. तुमच्याच कचेरीच्या दारात येऊन बसू. मले लाज नाही वाटत, भाऊजी. भीक नाही मागून राहिलो आम्ही, धान देऊन राहिलो."

"दादाले विचारतो मी. आजच सही करून टाकू."

मला सोडायला आलेले यजमान इतका वेळ स्कूटरजवळ उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, आता हे खाली बघणार. त्यांनी खाली पाहिलंही. चपला काढल्या, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बांधीत उतरले. बायकांच्या शेजारी वाकून त्यांनी मूठभर रोपं उचलली. खोचत होते वाकडीतिकडी, पण खोचत होते.

"सही पाहिजे ना?" मी दिरांना म्हटलं. "ते काय, आत आहेत. जा."

दिरांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. मग बांधावरूनच हाका मारू लागले, "दादा, बाहेर ये! दादा, ऐक तर!"

"नाही विकायचं!" हे वाकलेले तसेच ओरडले. बैलसुद्धा थबकले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, यांचा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं.