उतार मऊ नव्हता

उतार मऊ नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या एका खोट्यावर उभं आहे. मी म्हणालो, उतार मऊ होता. भर जत्रेत म्हणालो. मग मालकानं माझ्या बापाला समोर बोलावलं. मातीनं भरलेलं घमेलं उचलून आणायला लावलं. ते त्याच्या हातून घेतलं आणि त्याच्याच डोक्यावर उपडं केलं.

माती त्याच्या खांद्यांवरून खाली घरंगळली. कानांत गेली. सदऱ्यात गेली. लोक हसले.

"सख्या, सांग आता. मऊ हाय का कडक?" मालकानं बापाला विचारलं.

मालक माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. बाप त्याच्या बापाच्या वयाचा. बापानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी फटफटीवर बसलेलो होतो. इंजिन चालू होतं. मी मूठ पिळली आणि आवाज वाढवला. त्यानं काही विचारलंच, तर मला ऐकू येऊ नये म्हणून.

महाराष्ट्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. आमचं गाव डोणगावपासून कोसभर. गावातली निम्मी जमीन मालकाची. पंचक्रोशीत फटफटी त्याच्या एकट्याकडे. ती पुसायला, धुवायला, चेनीला तेल द्यायला मी होतो. शाळा सोडून तिथं लागलो आणि बाविसाव्या वर्षापर्यंत त्या गाडीचा एक एक नटबोल्ट मला तोंडपाठ झाला. मालकानं मुंबईला कुठल्याशा खेळात माणसाला फटफटीसकट हवेत उडताना पाहिलं होतं. त्याला ते आपल्या जत्रेत करायचं होतं. पहिल्या उडीत त्याचाच खांदा निखळला. तेव्हा त्यानं मला बोलावलं.

"तू बस बे. तुह्यं काय मोडन?"

मी बसलो. आनंदानं बसलो. हेही कबूल करतो.

बसताना एक रीत होती. सीटवर आधी गोणपाट टाकायचं. मालक ज्या कातड्यावर बसतो, त्याला माझं अंग लागायला नको. तोवर आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन बरीच वर्षं झाली होती, पण मालकाच्या सीटला ते कळलेलं नव्हतं. गोणपाट सरकायचं. जमिनीवर सरकलं तर माणूस सावरतो. हवेत सरकलं की गाडी एकीकडे जाते आणि माणूस दुसरीकडे. माझी दोन बोटं, एक मनगट आणि पुढचा दात असे गेले. डाव्या बाजूच्या दोन बरगड्याही मोडलेल्या आहेत, पण त्या उडीत मोडलेल्या नाहीत. मी खरं बोललो, त्या संध्याकाळी मालकाच्या माणसांनी मोडल्या.

उडी अशी होती. मातीचा उतार चढायचा. पुढं तीन बंड्या आडव्या लावलेल्या, बैल सोडून, जू खाली टेकवून. त्यांच्यावरून जायचं आणि पलीकडच्या उतारावर उतरायचं. एवढं मी महिनाभरात शिकलो. मग मालक म्हणाला, नुसतं उडनं काय, बेडूकही उडते. हवेत दोन्ही हात सोड.

हात सोडणं शिकायला मला सात महिने लागले. आधी चिंचेच्या फांदीला मोटेच्या चाकावरून दोर टाकून गाडी टांगली आणि तिच्यावर बसून हात सोडायचो. शरीर सोडू देत नाही. बोटं आपोआप मुठीवर जातात. मग शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, छोट्या उड्या. आधी एक हात, मग दुसरा. उतार सुटताना मूठ जराही ढिली पडली की पुढचं चाक खाली झुकतं आणि तोंडावर आपटतो. म्हणून शेवटच्या वीतभर जागेत मूठ पूर्ण पिळायची, टाकी गुडघ्यांत आवळायची, आणि गाडी तोंड वर करून हवेत गेली की मगच सोडायचं. एक श्वास पुरा होत नाही, एवढाच वेळ. पण ज्या दिवशी दोन्ही हात सुटले आणि गाडी माझ्या गुडघ्यांत स्थिर राहिली, त्या दिवशी खाली उतरल्यावर मी धुऱ्यावर बसून रडलो. तेवढा वेळ मी कोणाचा नोकर नव्हतो. गाव खाली होतं.

मालकानं ते पाहिलं. त्याला आवडलं. म्हणाला, "हात मोकळे काऊन सोडतं? जोड. मान खाली घाल. मी मंचावर बसलेला राहीन, तिकडं पाहून जोड. तुह्या बापजाद्याईनं जमिनीवर जोहार घातला, तू हवेत घाल."

जोहार म्हणजे काय, हे आता काहींना सांगावं लागेल. आमची माणसं गावातल्या मोठ्यांपुढं कमरेत वाकून, मान खाली घालून, दुरून घालायची तो नमस्कार. बापानं दीक्षा घेतली त्या वर्षापासून तो घातला नव्हता. त्यापायी त्याला विहिरीच्या कामावरून काढलं, तरी घातला नाही.

आणि मी तो हवेत शिकलो. मनात म्हटलं, ही कसरत आहे. हात जोडले काय, पसरले काय, अवघड तेवढंच. नाव मालकानं ठेवलं, मी कुठं ठेवलं? असं दिवसातून दहा वेळा मनाला सांगत होतो. जी गोष्ट खरी असते ती इतक्या वेळा सांगावी लागत नाही. पण नाही म्हटलं, तर गाडी जाणार होती. मग पुन्हा आयुष्यभर खालूनच बघायचं. जिथं मी कोणाचा नव्हतो, तेवढ्याच जागेत मला हात जोडायचे होते. दुसरी जागा माझ्याकडे नव्हती.

जत्रेसाठीचा उतार माझ्या बापानं बांधला. बाप मातीचं काम करायचा. बांध, पाळ, भिंत, ओटा. त्याच्या हाताची माती फुटत नाही, असं लोक म्हणायचे, आणि दुसरबीडपासून त्याला बोलावणं यायचं. मुरूम आणि पांढरी माती मिसळायची, थर द्यायचा, पाणी शिंपडायचं, जड लाकडी धुमसानं ठोकायचं. मग काठीचं टोक दाबून पाहायचं. काठी जराही शिरली, तर सगळा थर उकरून पुन्हा. तो उतार त्यानं बारा दिवसांत केला. माझ्यासाठी करतोय म्हणून जास्तच ठोकत होता. रोज शेवटी अनवाणी टाचेनं वरपासून खालपर्यंत दाबत यायचा.

आदल्या दिवशी दुपारी मालक पाहायला आला. जोड्यानं उतारावर दोन लाथा हाणल्या. म्हणाला, "सख्या, तुही कंबर वाकत नाही म्हनतात. उद्या पोराचा उडता जोहार पाह्य."

मालक गेल्यावर बापानं धुमस खाली ठेवलं.

"काय म्हनून राह्यला थो?"

"हात सोडाची कसरत हाय, बा. नाव त्याईनं ठेवलं."

"कोनाकडं तोंड करून जोडतं?"

मी मंचाच्या जागेकडे पाहिलं.

"मी वाकनं सोडलं, तवा तू माह्या कमरेएवढा होता," तो म्हणाला. मग धुमस उचललं आणि राहिलेला थर ठोकायला लागला. मला वाटलं, आता तो काम सोडून घरी जाईल. तो गेला नाही. त्या उतारावरून त्याचाच पोरगा जाणार होता.

दुसऱ्या दिवशी मंचावर मालक, त्याचे पाहुणे, दोन पुढारी. भोंगा मालकाच्याच हातात. गाडीची पूजा झाली, नारळ फुटला, मग सीटवर गोणपाट पडलं आणि मी बसलो. बाप उताराच्या बाजूला उभा होता. दोन्ही हात पाठीमागे बांधून.

मी चढलो. गाडी सुटली. तोंड वर. हात सुटले. गोणपाट जरासं सरकलं, गुडघ्यांनी धरलं. सगळं बरोबर होतं. आता तळहात एकमेकांना लावायचे होते. आणि मला खाली बाप दिसला. ताठ. एवढ्या गर्दीत सगळ्यांच्या माना वर, त्याची मात्र सरळ समोर. तो मला बघत नव्हता. तो बघणार नव्हता.

माझे हात जुळले नाहीत. मी जुळू दिले नाहीत. परत मुठीवर आले आणि मी उतरलो.

इथं थांबता आलं असतं, तर मी आज मान वर करून ही गोष्ट सांगितली असती.

एक पाहुणा हसला. "काहो मालक, तुमचा जोहार कुठी गेला?"

मालकाचा चेहरा उतरला. मला बोलावलं. "काऊन बे? हात काऊन नाही जोडले?"

सांगायला खरं एकच होतं. नाही जोडायचे. ते तोंडातून निघेना. गोणपाट सरकलं, एवढं तरी म्हणता आलं असतं. तेही अर्धं खरं होतं. पण गोणपाटाचं नाव घेतलं असतं, तर बोट मालकाकडे गेलं असतं. मी दुसरीकडे बोट दाखवलं. जिकडून उलट कोणी विचारणार नव्हतं, तिकडे.

"उतार मऊ होता, मालक. चाक दबलं, तोल गेला."

माझ्या हातांनी नकार दिला होता. जिभेनं जोहार घातला. मग घमेल्याचं जे झालं, ते वर लिहिलं आहे.

घरी बापाला बसवून आईनं त्याच्या कानातली माती ओल्या फडक्यानं काढली. तीन दिवसांनी त्यानं मला अंगणात विचारलं.

"उतार मऊ होता?"

"नाही."

"मंग?"

मी सगळं सांगितलं. का जोडले नाहीत तेही. त्याच्या पाया पडायला वाकलो. त्यानं पाय मागे घेतले.

"हे मले नोको सांगू. ज्याईले सांगतलं, त्याईले सांग. जिथं सांगतलं, तिथं सांग."

मी सांगितलं नाही. वर्षभर सांगितलं नाही. त्या वर्षात बापाला कोणी बांधाला बोलावलं नाही. ज्याचा उतार पोटच्या पोराखाली दबला, त्याची पाळ पाण्यात टिकेल कशी, असं लोक म्हणायचे. तो पार संग्रामपूरकडे खोदकामाला गेला. धुमस घरी कोपऱ्यात उभं होतं. ज्या माणसाच्या मातीत काठी शिरत नव्हती, तो दुसऱ्याच्या हाताखाली नुसती माती वाहत होता. आणि मी? मी मालकाबरोबर आणखी दोन जत्रांना गेलो. दोन्हीकडे हवेत हात जोडले. चांगले घट्ट जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत मला धुमसाचा आवाज ऐकू यायचा.

पुढच्या चैत्रात पुन्हा आमची जत्रा आली. मालकानं नवा उतार दुसऱ्यांकडून बांधून घेतला, जुन्याच्या शेजारी. सरावाच्या वेळीच त्याला भेगा पडल्या, वरून मुरूम टाकून लिंपल्या. जुना उतार तसाच उभा होता. अख्खा पावसाळा त्याच्यावरून गेला होता. शेरडं चढत होती, पोरं घसरत होती. मी एकटा असताना काठीचं टोक लावून दाबलं. काठी वाकली. शिरली नाही.

बाप जत्रेला आला होता. मीच निरोप पाठवला होता, ये म्हणून. लांब, गर्दीच्या मागं उभा होता.

पूजा झाली. गोणपाट पडलं. मी गाडी चालू केली आणि नव्या उताराकडे न नेता जुन्यावर नेली. वर जाऊन थांबलो. इंजिन बंद केलं. लोकांना वाटलं, हाही खेळच आहे. शिट्ट्या पडल्या.

मालकानं भोंग्यात विचारलं, "काऊन थांबला बे तिथं?" ते सगळ्या जत्रेनं ऐकलं. बरंच झालं.

मी सीटवरचं गोणपाट ओढलं आणि खाली टाकलं. गाडी स्टँडला लावली. पायाखालचा उतार हलत नव्हता. तोंड मंचाकडे केलं नाही. गर्दीच्या मागं, बाप होता तिकडे केलं. घसा फाटेस्तोवर बोललो. माफी मागताना माणूस हात जोडतो. मी हात खाली ठेवले. बापालाही तसेच हवे होते, हे मला आता कळलं होतं.

"आयका सारे. मांगच्या साली मी इथंच म्हनलो, उतार मऊ होता. मी खोटं बोललो. हे पाहा, थोच उतार हाय. उतार दबला नव्हता, चाक दबलं नव्हतं. मले जोहार घालाचा नव्हता, म्हनून मी हात जोडले नाही, अन् खरं सांगाले भ्यालो. मंग दोन जत्राईत घातला, थोही भेऊनच. आता घालनार नाही. जमिनीवर नाही, हवेत नाही, कोनाले नाही. बा, तुह्या डोक्यावर माती मालकानं टाकली, पन घमेलं मी भरून देल्लं. माह्यं चुकलं, बा."