विमानाच्या पोटातला डाग

हवाई दलाचं दोन पंख्यांचं जुनं मालवाहू विमान माझ्या मित्रानं आणि मी एकाच हिवाळ्यात तयार केलं. वेगवेगळं, आपापल्या संगणकावर. संगणकावर विमान उडवण्याच्या सिम्युलेटरमध्ये तो बनवणाऱ्या कंपनीनं दिलेली विमानं असतात. आपल्या हवाई दलाची बहुधा नसतात. ती हौशी लोक घरी बनवतात आणि इतरांना जोडून घ्यायला देतात. त्यांना ॲड-ऑन म्हणतात.

मित्र मूळचा पलूसचा, विश्रामबागच्या एका कॉलेजात शिकवतो. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. कॉकपिटमधली प्रत्येक तबकडी मी दोन वेगळ्या छायाचित्रांवरून पडताळली होती. एकाच छायाचित्रात दिसलेलं बटण मी घेतलं नाही. मागचा, माल आणि माणसं नेण्याचा भाग रिकामा ठेवला आणि मधलं दार बंद करून टाकलं. तिथं काही भरलं की संगणक अडखळतो, आणि उडवणारा कधी मागं बघत नाही.

माझे वडील पायदळात होते. उसाची तोड झाली की ते कडेगावहून आमच्याकडं राहायला येतात. चंदीगडहून लेहला ते याच विमानातून जात असत. म्हणून तयार झाल्याबरोबर मी त्यांना कॉकपिट दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

“लय बटणं हायत रं,” ते म्हणाले आणि चहा मागितला.

मित्राचं विमान पंधरवड्यानं आलं. आम्हा हौशी लोकांच्या ग्रुपवर माझ्या विमानाला अंगठे मिळाले होते. त्याच्या विमानावर परिच्छेद लिहिले. एकानं लिहिलं, याच्यात मागं जाऊन बसावंसं वाटतं. मी ते विमान माझ्या संगणकावर उतरवून घेतलं आणि तपासलं. उंची दाखवणारी तबकडी चुकीच्या जागी होती. मागच्या भागात दोन्ही भिंतींना लागून कापडी बाकं, जाळ्या, दोरीनं बांधलेली काळी पत्र्याची ट्रंक. ट्रंकेजवळ जमिनीवर लालसर, तेलकट डाग. असा डाग कुठल्याही छायाचित्रात नव्हता. मी ग्रुपवर दोन्ही दोष नोंदवले: तबकडीची जागा चुकली आहे, जमिनीचा रंग एके ठिकाणी बिघडला आहे.

‘तबकडी दुरुस्त करतो, आभार,’ असं मित्रानं लिहिलं. डागाबद्दल काहीच लिहिलं नाही. ते मला कबुलीसारखं वाटलं आणि बरं वाटलं.

त्या रविवारी डाग नीट बघावा म्हणून मी त्याचं विमान पुन्हा उघडलं. वडील पेपर घेऊन मागं उभे होते.

“थांब थांब,” ते म्हणाले. “ती माजी चटणी हाय.”

मी खुर्ची फिरवली.

“आरं, लसणाची. तुज्या आईनं डबा गच भरून दिलता. वर गेल्यावर झाकण उडालं की! समद्या इमानात वास. एक पंजाबी शिव्या देत व्हता, मग त्योच बोटानं पुसून खायला लागला.” ते हसू लागले. “मी सांगितलं तवा तुज्या मित्राला खरं वाटंना.”

“कधी सांगितलंत?”

“तू ड्युटीवर व्हतास. त्यो आलता तुला भेटाय. म्हनला, आबा, तुमी कुटं बसायचा त्यात? मग बसलो बोलत.”

घरातली बातमी मला प्रतिस्पर्ध्याकडून मिळत होती. मी वडिलांना कॉकपिटबद्दल काहीच विचारलं नव्हतं, कारण ते वैमानिक नव्हते; आणि मागच्या भागाबद्दल विचारलं नव्हतं, कारण तो मी बनवणार नव्हतो. मित्राला फक्त एक प्रश्न सुचला होता. मला त्या प्रश्नाचा हेवा वाटला. परिच्छेदांचा वाटला त्याहून जास्त.

“मला बसीव की त्यात,” वडील म्हणाले.

मी सिम्युलेटरचा कॅमेरा ट्रंकेशेजारच्या बाकावर नेला, म्हणजे तिथं बसल्यासारखं दिसेल, आणि विमान लेहच्या अलीकडं हवेत सुरू केलं. वडील खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. मी शेजारी स्टुलावर, जॉयस्टिक मांडीवर.

“आता थोडा वेळ पुढचं दाखवतो,” मी म्हणालो. “तबकड्या दिसल्याशिवाय उतरवता येत नाही.”

“न्हाई, मागंच ऱ्हाऊ दे. आमाला कवा पुढचं दिसलंय?”

विमान ऑटोपायलटवर टाकून मी विचारलं, “चटणी सांडल्यावर पुढं काय झालं?”

“समदं सांगितलंय त्येला. त्येला इचार की गड्या. आता बघू दे मला.”

समोरच्या भिंतीतल्या गोल खिडकीत डोंगर आले. मग पिवळट जमीन वर सरकू लागली. मी ऑटोपायलट काढला. इंजिनाचा आवाज आणि खिडकीतला जमिनीचा कल, एवढ्यावरच वेग कमी करत गेलो. असं मी पूर्वी कधी उतरवलं नव्हतं, आणि ग्रुपवर कुणी उतरवल्याचं वाचलं नव्हतं. वडिलांनी खुर्चीचे हात धरले होते. चाकं एकदाच टेकली. उसळी नाही.

वडिलांनी हात सोडले. पडद्यावरच्या ट्रंकेकडं बघत म्हणाले, “झ्याक उतरतंय रं त्येचं इमान.”

मी जॉयस्टिक टेबलावर ठेवली.

“व्हय,” म्हणालो.