भिंगबाईचं वर्णन

माझ्या थोरल्या बहिणीला संग्रहालयात सगळे भिंगबाई म्हणतात. तोंडावर नाही अर्थात, तोंडावर ‘मॅडम’. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, हातांत पांढरे मोजे आणि समोर कुणीतरी कधीकाळी हाताने घडवलेली वस्तू, एवढ्यात तिचं आयुष्य गेलं. वस्तू नीट बघायची आणि तिचं वर्णन लिहायचं, हे तिचं काम. वर्णन असं हवं, की वस्तू उद्या चोरीला गेली तर ती कधीही न पाहिलेल्या माणसाने बाजारातल्या ढिगातून अचूक उचलून आणावी.

‘सुंदर’ हा शब्द तिच्याकडे चालत नाही. एकदा एक मण्यांचा बटवा बघून मी म्हटलं, “किती सुंदर गं!” तर म्हणाली, “कुठे? बोट ठेवून दाखव.” मी खरंच बोट ठेवायला गेले तशी खेकसली, “हात लावू नकोस!” अशा बाईशी बोलायचं तरी कसं?

दिसतं तेवढंच लिहायचं आणि क्रम सोडायचा नाही. वेताची टोपली असेल तर वीण कुठून सुरू झाली, कुठे संपली, कोणती काडी नंतर घातलेली आहे. फणी असेल तर दात कोणत्या बाजूने झिजलेत, म्हणजे ती वापरणारी डावरी होती का. मातीच्या भांड्याला काठ, गळा, खांदा, पोट आणि बूड असतं, तर वर्णनही त्याच क्रमाने. माझ्या नवऱ्याचंही तिने एकदा भर जेवणात असंच वर्णन केलं होतं. “काठाला झीज. गळा आखूड. पोट फुगीर. बूड स्थिर.” नवरा पोट धरून हसला. मी मात्र तिच्याशी चार दिवस बोलले नाही. त्याचं बूड हलत नाही हे म्हणायचा हक्क माझा आहे.

तिने लग्न केलं नाही. अण्णा, म्हणजे आमचे वडील, तिच्याकडेच राहतात. ते कातारी होते, लाकूड यंत्रावर फिरवून पलंगाचे पाय आणि कपाटांच्या मुठी घडवायचे. गेल्या वर्षापासून त्यांच्या डोक्यातला काळ मागेपुढे व्हायला लागला. कधी मला आई समजायचे, कधी बंद पडलेल्या कारखान्यात निघायचे. म्हणून ताई कामावर असताना शेजारच्या काकू त्यांच्यापाशी बसायच्या.

त्या दिवशी मी संग्रहालयात खोळी द्यायला गेले होते. माझं शिवणकामाचं दुकान आहे, आणि नाजूक वस्तूंवर घालायच्या मऊ सुती खोळी मीच शिवून देते. ताईच्या हातांत एक लांब मानेची सुरई होती, अंड्याच्या कवचासारखी पातळ. तेवढ्यात माझा फोन वाजला. काकू रडत होत्या. त्या गच्चीवरचे कपडे काढायला गेल्या आणि खाली आल्या तर दार सताड उघडं.

“ताई, अण्णा घरात नाहीत,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग सुरई दोन्ही हातांनी पेटीत ठेवली, चारी बाजूंनी कापूस सारखा केला, झाकण लावलं आणि झाकणाची नाडी बांधली. तिथे बाप रस्त्यावर आणि ही नाडी बांधतेय! मला इतका राग आला की त्या सुरईसकट तिला ढकलावं असं वाटलं. पण मोजे काढताना तिला बोटं सापडेनात. शेवटी ते मी ओढून काढले.

पोलीस चौकीत हवालदार म्हणाला, “वर्णन सांगा.” मला वाटलं, चला, आता आपलं माणूस कामाला आलं.

“उंची मध्यम,” ताई म्हणाली. “बांधा सडपातळ. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. केस फक्त मागच्या बाजूला शिल्लक. मिशी पांढरी, जाड, टोकं खाली वळलेली. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं, जुनी इजा. चालताना...”

“बाई, माणूस हरवलाय की मूर्ती?” हवालदार म्हणाला. “कपडे कोणते होते?”

ताईला ते माहीत नव्हतं. सकाळी ती निघाली तेव्हा अण्णांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, बहुतेक पांढरा सदरा.

“बहुतेक म्हणजे?” ताई फोनवर ओरडली. “तुमच्यासमोर सकाळपासून माणूस बसलाय आणि तुम्ही बहुतेक म्हणता?” काकूंनी फोन ठेवून दिला. हवालदाराने अण्णांचा फोटो सगळीकडे पाठवला आणि खाली लिहिलं, मिशीवाले आजोबा.

त्यानंतरची दुपार मला सलग आठवत नाही. दवाखाना, बाग, बंद कारखान्याचं फाटक, आणि बस स्थानक. स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, मिशीवाले कुणी आले नाहीत. अण्णांची छातीची गोळी दुपारची असते, ती चुकली होती. ऊन उतरत होतं, गाड्या अंगावर येत होत्या, आणि प्रत्येक करकचून लागलेल्या ब्रेकला मी मागे वळून बघत होते. ताई दिसेल त्याला तेच वर्णन त्याच क्रमाने सांगत होती. खांदा, केस, मिशी, नख. लोक अंगठ्यापर्यंत पोचायच्या आतच मान हलवून पुढे जात.

गोळ्या बरोबर असाव्यात म्हणून आम्ही घरी गेलो. मी कपाट उघडत होते आणि ताई तोंडावर पाणी मारायला मोरीकडे गेली. तिथून तिने हाक मारली ती इतकी बारीक, की मी धावले.

बेसिनमध्ये साबणाचा फेस वाळला होता आणि त्यात पांढरे केस पडले होते. जाड, लांब. शेजारी वस्तरा.

“मिशी काढलीय,” ताई म्हणाली. “आज सकाळी. मी त्यांच्या खोलीत डोकावलेसुद्धा नव्हते गं, आणि काकूंनाही पुढचं बोलू न देता ओरडले. अख्खं गाव मी मिशी शोधायला लावलंय.”

मी पहिल्यांदा तिला भिंतीचा आधार घेताना पाहिलं. मी म्हटलं, “रडू नकोस, फोन कर.” तिने चौकीत फोन केला. हवालदार बाहेर होता. दुसरा कुणी म्हणाला, एका हरवलेल्या लहान मुलीच्या शोधात माणसं गेलीत, आल्यावर सांगतो. लहान मुलीपुढे म्हाताऱ्याला कोण विचारतो?

आम्ही पुन्हा बस स्थानक गाठलं, कारण दुसरं कुठलं ठिकाण उरलंच नव्हतं. कचेऱ्या सुटल्या होत्या. माणसावर माणूस. मी पुढे, ताई मागे, आणि डोक्यावर भोंगा खरखरायला लागला.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे. एक मुलगी हरवली आहे. वय वर्षं सहा. दोन वेण्या, उजवी वेणी सुटत आलेली. वरचा पुढचा दात पडलेला. हिरवा फ्रॉक, खालच्या काठाला वेगळ्या कापडाची पट्टी जोडून वाढवलेला.”

“चल ना,” मी म्हटलं. “लोकांची पोरं लोक शोधतील.”

“थांब,” ताई म्हणाली.

“हनुवटीवर डाव्या बाजूला आडवी खोक, भरून आलेली. चिमणी म्हटलं की ओ देते.”

ताईने हनुवटीवर हात ठेवला. तिथली खोक मी जन्मापासून बघत आलेय. आणि तिला चिमणी म्हणणारा माणूस जगात एकच.

मी जन्मायच्या आधी, ताई सहा वर्षांची असताना, ह्याच स्थानकावर तिचा अण्णांच्या हातातला हात सुटला होता. दिवे लागेपर्यंत ती सापडली नव्हती. आमच्या घरात ही गोष्ट कुणी कधी हसत सांगितली नाही. आणि अण्णांनी मिशी ठेवली ती माझ्या बारशानंतर.

आम्ही खिडकीपाशी घुसलो. “हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“त्या आजोबांनी,” खिडकीतला माणूस म्हणाला. “तासभर झाला, बिचारे बसत नाहीत की पाणी पीत नाहीत. पण वर्णन काय सांगितलंय! फ्रॉकची शिवणसुद्धा सोडली नाही.”

अण्णा बाकावर नव्हते. बस आत वळते त्या तोंडावर ते उभे होते, गुळगुळीत तोंडाने, आणि येणाऱ्या प्रत्येक बसच्या दारात वाकून बघत होते. अंगात सदरा निळा होता. त्यांच्या पाठीमागून एक बस उलटी येत होती. कंडक्टर शिट्ट्या फुंकत होता, आणि अण्णांना त्या ऐकूच जात नव्हत्या. मी किंचाळले. ताई कशी पोचली मला माहीत नाही, पण तिने त्यांना दंडाला धरून खेचलं आणि बस त्यांच्या जागेवर येऊन थांबली.

“सोडा बाई!” अण्णांनी हात झटकला. “माझी मुलगी इथेच आहे कुठेतरी.”

“अण्णा, घरी चला,” मी म्हटलं आणि दुसरा हात धरला. ते मोठ्याने ओरडले. झालं, माणसं जमली. एकाने विचारलं, “तुम्ही कोण ह्यांच्या?”

“मुली आहोत.”

“मी ह्यांना ओळखत नाही,” अण्णा म्हणाले, अगदी स्पष्ट. “माझी मुलगी एवढीशी आहे.” त्यांनी कमरेखाली हात धरून उंची दाखवली.

गर्दीतल्या बाया आमच्याकडे चोर असल्यासारख्या बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, हात सोडा आजोबांचा. मी सोडला. अण्णा लगेच पुन्हा बसच्या वाटेकडे वळले. त्यांचे ओठ निळसर दिसत होते आणि गोळी माझ्या मुठीत होती.

“मुलगी सापडली,” ताई म्हणाली.

ते थांबले. “कुठे?”

“घरी पोचलीय.”

“कशावरून तीच?”

“हिरवा फ्रॉक,” ताईने सुरुवात केली. “काठाला पट्टी. दोन वेण्या...”

“ते भोंग्यावर सगळ्या जगाने ऐकलं,” अण्णा म्हणाले. “मी सांगितलं नाही ते सांगा.”

ताईसमोर आता वर्णन करायला वस्तूच नव्हती. भिंग गळ्यात होतं, पण त्यातून काय बघणार? बस घरघरत होती. मला वाटलं, संपलं, आता हे येत नाहीत.

“फ्रॉकच्या खिशात भोवरा आहे,” ती हळू म्हणाली. “तो फिरवायची जाळी नाही. जाळी तुमच्याकडे राहिली. ती मागायला मुलगी मागे वळली, आणि तुम्ही दिसला नाहीत.”

अण्णांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला.

“डावी चप्पल चावत होती. ती काढून तिने हातात घेतली होती. तुम्ही त्यावरून तिला रागावला होतात.”

“रागावलो होतो,” अण्णा म्हणाले. “उगाच रागावलो मी.” मग ते ताईच्या अगदी जवळ आले आणि दबकत विचारलं, “बाई, खरं सांगा. रडत होती का?”

“हो,” ताई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळून हनुवटीवर आलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. “अजून रडतेय.”

“मग उभ्या काय राहिलात?” अण्णा म्हणाले, आणि तिचा हात धरून तिला गर्दीतून ओढत निघाले. “चला लवकर. पोर एकटी आहे.”